रुपेरी पडदा आणि घरची निष्ठा

कुटुंबनिष्ठा हा शब्द उच्चारावयास जितका सोपा, तितकाच आचरावयास अवघड आहे. आईबापांविषयीं आदर, भावंडांविषयीं माया, पडत्या काळांत घराला धरून राहणें, या गोष्टी प्रत्येकाच्या कानांवर लहानपणापासून पडत असतात, आणि त्यांविषयीं कोणाचें दुमतहि नसतें. अडचण उत्पन्न होते ती निराळ्याच ठिकाणीं. एकाच माणसाच्या मनांत दोन निष्ठा परस्परांसमोर उभ्या ठाकल्या, म्हणजे कोणत्या बाजूस झुकावें? बापाचें ऐकावें कीं नवऱ्याचें? भावाला सांभाळावें कीं सत्याला? घराची अब्रू राखावी कीं घरांतल्या माणसाचा जीव? या प्रश्नांचीं उत्तरें पाठ्यपुस्तकांत सांपडत नाहींत. महाराष्ट्रांत पूर्वीं तीं कीर्तनकारानें दिलीं, पुढें नाटककारानें दिलीं. आणि गेलीं शंभराहून अधिक वर्षें तें काम मोठ्या प्रमाणांत चित्रपटानें केलें आहे. तीं उत्तरें काय होतीं, आणि तीं कोणाच्या पदरीं काय टाकून गेलीं, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

हा विचार हवेंत तरंगूं नये म्हणून एखादें गांव डोळ्यांसमोर ठेवणें बरें. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांतील सुलतानपूर हें असें एक गांव आहे. मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें, आणि उल्कापातानें निर्माण झालेल्या लोणारच्या सरोवराकडे जाणारी वाट येथूनच फुटते. भोंवतालच्या मुलखांत सोयाबीन, तूर आणि कापूस पिकतो, आणि पाऊस वेळेवर आला कीं नाहीं यावर घरोघरचें वर्ष ठरतें. विदर्भांतील अशा गांवांना सिनेमा प्रथम भेटला तो यात्रेंतल्या तंबूंत. दिवसां भाविकांची गर्दी, रात्रीं पांढऱ्या पडद्यासमोर बैठक. पडद्याच्या एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस बायका बसल्याचीं वर्णनें जुन्या पिढींतील लोक कित्येक ठिकाणीं करीत असत. पुढें दूरदर्शनची पेटी आली, आणि आतां तोच चित्रपट हातांतल्या मोबाइलवर येऊन बसला आहे. साधन बदललें, पण घरच्या नात्यांची कथा लागली म्हणजे पदर डोळ्यांकडे जातो, हें मात्र बदललेलें नाहीं.

सुलतानपुराहून त्याच रस्त्यानें पश्चिमेकडे गेलें म्हणजे सिंदखेड राजा लागतें. लखुजी जाधवांची ही जहागीर. जिजाबाईंचा जन्म येथें १५९८ सालीं झाला. महाराष्ट्र त्यांना स्वराज्याची माता म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या आयुष्याची एक बाजू पडद्यावर फारशी थांबून दाखविली गेलेली नाहीं. बखरींत खंडागळ्यांच्या हत्तीचा प्रसंग आहे. निजामशाही दरबारांतून बाहेर पडतांना एक हत्ती बिथरला, त्यावरून हत्यारें उपसलीं गेलीं, आणि त्या चकमकींत जाधवांकडील दत्ताजी व भोसल्यांकडील संभाजी असे दोघे तरुण पडले. दत्ताजी हे जिजाबाईंचे सख्खे भाऊ. संभाजी हे शहाजीराजांचे चुलतभाऊ. एकाच दिवशीं माहेरीं आणि सासरीं सुतक आलें, आणि दोन्ही घरांत मारणारा व मरणारा आपलाच होता. पुढें १६२९ सालीं लखुजी जाधव व त्यांचे पुत्र देवगिरीच्या किल्ल्यांत दग्यानें मारले गेले. आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. माहेराशीं निष्ठा ठेवावी तर सासर दुखावतें, सासराशीं ठेवावी तर माहेर तुटतें, अशा कात्रींत सांपडलेल्या त्या स्त्रीनें अखेर निष्ठेचें ठिकाणच उंच नेलें. जाधव आणि भोसले यांच्या पलीकडे जी रयत होती, तिच्या हिताकडे तिनें आपल्या पुत्राची दृष्टि वळविली. कुटुंबनिष्ठेचा विचार करतांना हें उदाहरण हाताशीं असावें. कारण चित्रपटांची पारख करावयास तें कसोटीसारखें उपयोगीं पडतें.

आतां चित्रपटांकडे वळावयाचें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. भारतीय कथापटाचा आरंभ येथून मोजतात. आणि तो आरंभच कुटुंबाच्या कसोटीनें झाला, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. राजा दिलेला शब्द पाळण्यासाठीं राज्य सोडतो, काशीच्या बाजारांत बायको आणि मुलगा विकतो, आणि मेलेल्या मुलाचें प्रेत घेऊन आलेल्या पत्नीकडेहि स्मशानाचें शुल्क मागतो. सत्यापुढें कुटुंब दुय्यम, असा त्या कथेचा स्पष्ट निवाडा आहे. शतकानुशतकें ही कथा ऐकणाऱ्या समाजाला तो निवाडा मान्य होता. पण त्यांत एक प्रश्न दडलेला राहिला. शब्द दिला राजानें, आणि विकली गेली तारामती. तिला कोणीं विचारलें होतें?

या चित्रपटाच्या मागें जी दुसरी कथा घडत होती, तींत याचें एक उत्तर सांपडतें. फाळक्यांनीं आयुष्याच्या विम्यावर कर्ज काढून १९१२ सालीं विलायत गांठली आणि यंत्रसामग्री आणली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं आपले दागिने या कामीं मोडूं दिले. इतकेंच नव्हे, तर दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्रीं अंधाऱ्या खोलींत कोऱ्या फिल्मला छिद्रें पाडण्याचें आणि ती धुण्याचें काम त्या करीत. मुलगा भालचंद्र यानें रोहिदासाची भूमिका केली. पुढें १९१९ सालच्या 'कालिया मर्दन' चित्रपटांत मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. तारामतीच्या भूमिकेला मात्र एकहि स्त्री मिळाली नाहीं, आणि अखेर उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडें नेसवावें लागलें. परेश मोकाशी यांनीं २००९ सालीं 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटांत हा संसार मोठ्या हंसतमुखानें रंगविला आहे. त्यांत दिसणारी सरस्वतीबाई पडद्यावरच्या तारामतीहून वेगळी आहे. तिला विचारलें जातें, ती प्रश्न करते, काम शिकून घेते आणि मग सोबत चालते. दोघींच्या निष्ठेंत त्यागाचें माप कदाचित् सारखेंच भरेल. परंतु एकीचा त्याग परस्पर ठरविला गेला आणि दुसरीनें आपला आपण ठरविला. या भेदावरच पुढील सगळें विवेचन उभें आहे.

बोलपटांचा काळ आला तेव्हांहि मराठीनें आरंभ त्याच कथेनें केला. प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ सालीं निघाला, आणि त्यांत तारामतीचें काम दुर्गा खोटे यांनीं केलें. सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रीनें रंग लावून पडद्यावर यावें, ही त्या वेळीं खळबळजनक गोष्ट होती. सासरच्या घरावर आर्थिक संकट ओढवलें होतें आणि पदरीं दोन लहान मुलें होतीं, हें त्यामागचें कारण होतें. घराची अब्रू जाईल म्हणून जग नांवें ठेवीत असतां, घर चालावें म्हणून एक बाई कामाला उभी राहिली. घराचें नांव आणि घरांतलीं माणसें, या दोहोंपैकीं तिनें माणसांची निवड केली.

त्याच्याहि आधीं, १९२५ सालीं, बाबूराव पेंटर यांनीं नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' हा मूकपट काढला होता. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशांत जाते आणि त्याला शहराची वाट धरावी लागते, असें त्याचें कथानक आहे. घर मोडलें म्हणजे माणसांतली माया आटली असा निष्कर्ष लोक झटकन काढतात. माया शाबूत असूनहि कर्ज आणि दुष्काळ घर मोडूं शकतात, हें या चित्रपटानें फार लौकर दाखविलें. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत, जेथें कर्जापायीं शेतकऱ्यानें जीव दिल्याच्या वार्ता आजहि येतात, तेथें हें सत्य कोणालाहि समजावून सांगावें लागत नाहीं.

प्रभातच्या 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या चित्रपटाची कीर्ति सर्वश्रुत आहे. दामले व फत्तेलाल यांचें दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा. मुंबईंत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्यांतील खरें पात्र म्हणजे गौरी यांनीं उभी केलेली जिजाई. नवरा विठ्ठलाच्या नांवानें धान्य वांटतो आणि घरांत चूल थंड पडते. तेव्हां ती देवळांत जाऊन प्रत्यक्ष पांडुरंगावर पायांतली वहाण उगारते. आणि शेवटीं स्वर्गाचें विमान दारीं येतें तेव्हां पोरांच्या घासाची काळजी असलेली ती बाई मागें राहते. ती बोलते कडू, पण तिच्या प्रत्येक शब्दांत संसाराविषयींची तळमळ भरलेली आहे. निष्ठा म्हणजे गोड बोलणें, खालमानेनें वागणें, अशी जी समजूत पुढें चित्रपटांनींच दृढ केली, तिला जिजाईनें आधींच उत्तर देऊन ठेवलें आहे. निष्ठावान माणूस भांडतोहि. कारण ज्याच्याशीं कांहीं देणेंघेणें नाहीं त्याच्याशीं कोणी भांडत बसत नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १९३७ सालीं, व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' आला आणि मध्यमवर्गीय घरांत वादळ उठलें. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला होता. नीरा या तरुण मुलीचें लग्न, तिला वाढविणाऱ्या नातलगांकडून फसवणुकीनें, वयस्क विधुर काकासाहेब वकिलांशीं लावलें जातें. शांता आपटे यांची नीरा हें लग्न मानण्यास नकार देते. ती पळून जात नाहीं, कोणाला विष घालीत नाहीं. त्याच घरांत राहून ती सांगते कीं, जें मूळांतच अन्यायानें झालें त्याला निष्ठा लागू होत नाहीं. चित्रपटाचें मोठेपण असें कीं, केशवराव दाते यांनीं रंगविलेले काकासाहेब हे खलपुरुष नाहींत. त्यांचा विवेक हळूहळू जागा होतो आणि आपली चूक त्यांना सोसवत नाहीं. त्यांनीं स्वतःचा जीव देऊन तिला मोकळें करावें, हा शेवट आजच्या प्रेक्षकाला पटेलच असें नाहीं. घटस्फोटाची वाट तेव्हां सामान्य हिंदु स्त्रीला मोकळी नव्हती, आणि ती कायद्यानें मिळाली १९५५ सालीं, हें ध्यानांत ठेवून त्याकडे पाहिलें पाहिजे. नात्याला न्यायाचें अधिष्ठान असावें लागतें, ही गोष्ट मात्र 'कुंकू'नें घराघरांत नेऊन ठेवली.

याच्या उलट, नात्यांतील माधुर्याचें शिखर म्हणजे 'श्यामची आई'. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें हें पुस्तक १९३५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं त्यावर चित्रपट काढला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाला, आणि राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालें. पुष्कळांना त्यांतले अश्रु आठवतात. पण त्या आईच्या मायेंत किती कठोरपणा होता हें आठवत नाहीं. श्याम पोहावयास भितो तेव्हां ती काठी उगारून त्याला विहिरीकडे पिटाळते. घरीं अठरा विश्वें दारिद्र्य असतांहि मुलानें खोटें बोललेलें, दुसऱ्याचें घेतलेलें तिला खपत नाहीं. मुलाचें सर्व कांहीं पोटांत घालावें, याला ती प्रेम म्हणत नाहीं. त्याच वर्षीं निघालेल्या 'वहिनींच्या बांगड्या' या चित्रपटानें दिराला आईच्या मायेनें वागविणारी वहिनी लोकांपुढें ठेवली. सुलोचना यांनीं त्यानंतर अनेक वर्षें अशा सोशिक, सात्त्विक स्त्रिया रंगविल्या. त्या भूमिकांची उंची वादातीत आहे. परंतु त्यांच्या पुनरावृत्तींतून एक सोयीचा अर्थहि रूढ झाला कीं, घर एकत्र राखण्याचें काम बाईचें, आणि तें तिनें हातांतल्या बांगड्या उतरवून करावें.

मग हिंदी पडद्यावर १९५७ सालीं मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' आला. आपल्याच आधींच्या 'औरत' या १९४० सालच्या चित्रपटाची ही नवी आवृत्ति त्यांनीं मोठ्या प्रमाणावर काढली होती. नवऱ्यावांचून, पुराच्या चिखलांतून, मुलांना वाढविणारी राधा शेवटीं आपल्या लाडक्या बिरजूवर बंदूक झाडते, कारण तो गांवच्या लेकीला तिच्या लग्नांतून पळवून नेत असतो. ती लेक वैऱ्याची, सावकाराची असते. तरीहि राधेचा हात थांबत नाहीं. अठरा वर्षांनीं, १९७५ सालच्या 'दीवार'मध्यें, चोरट्या व्यापाऱ्याच्या वाड्यांतून बाहेर पडून पोलिसांत असलेल्या मुलाकडे जाणारी आई हा तोच धागा पुढें नेते. दोन्ही मातांचें काळीज फाटतें; आणि फाटतें म्हणूनच त्यांचा निर्णय प्रेक्षकाला मान्य होतो. आपला माणूस दुसऱ्याच्या घरावर अन्याय करीत असेल तर त्याला पाठीशीं घालणें हें कुटुंबनिष्ठेंत बसत नाहीं, अशी मर्यादा त्यांनीं आंखून दिली. कचेरींत लांच खाणाऱ्या मुलाच्या मिळकतीवर घर बांधून त्याला कर्तबगार म्हणणाऱ्या आईबापांना ही मर्यादा अजून नीटशी समजलेली दिसत नाहीं.

आतां विषय अशा ठिकाणीं येतो, जेथें पडदा आणि प्रत्यक्ष जीवन यांची गांठ अगदीं घट्ट पडते. १९९१ सालीं विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या झुंडी तो पाहण्यास लोटल्या. अलका कुबल यांनीं रंगविलेली लेक बापाच्या रागाची धनी होते, सासरीं छळ सोसते, आणि माहेरच्या एका साडीसाठीं तिचा जीव तुटत राहतो. त्या चित्रपटाला अतिरंजित म्हणणें सोपें आहे. परंतु अंधारांत रडणाऱ्या त्या हजारों बायका स्वतःच्याच घरची कथा पाहत होत्या, हें विसरून चालणार नाहीं. मुलीनें माहेराकडून मागावयाचें तें काय, तर एक साडी, सणाचा एक दिवस, भावाचा एक शब्द. याहून अधिक मागणें म्हणजे माहेर तोडणें, अशी समजूत त्या अश्रूंच्या तळाशीं होती.

कायदा मात्र तोंवर पुढें निघाला होता. महाराष्ट्रानें १९९४ सालीं हिंदु उत्तराधिकार कायद्यांत दुरुस्ती करून, त्या वेळीं अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा हक्क दिला. २००५ साली केंद्रानें तो हक्क सर्व मुलींना दिला. आणि ऑगस्ट २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा हक्क जन्मानेंच मिळतो, दुरुस्तीच्या वेळीं बाप हयात असण्याची आवश्यकता नाहीं, असें निःसंदिग्धपणें सांगितलें. तरीहि सुलतानपूरसारख्या गांवांच्या पंचक्रोशींत बाप गेल्यावर काय घडतें, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. सातबाऱ्यावर वारसांचीं नांवें चढतात, त्यांत बहिणींचींहि असतात. मग कोणीतरी हलक्या आवाजांत सुचवितें कीं, ताईनें हक्कसोडपत्र करून द्यावें. चहा होतो, साडीचोळी होते, नोंदणी कचेरींत सही किंवा अंगठा होतो, आणि फेरफारानें तिचें नांव उतरतें. सही न करणारी बहीण लोभी ठरते, तिच्यासाठीं दिवाळीची वाट बंद होते. सही करणारी बहीण प्रेमळ ठरते. पण पुढें नवऱ्यानें टाकलें किंवा वैधव्य आलें तर तिनें कोठें जावें, याचा विचार त्या दिवशीं कोणी करीत नाहीं.

या व्यवहारांत भावाची बाजूहि आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. पांच एकरांचे तुकडे पडले तर कोणाचेंच पोट भरत नाहीं. म्हाताऱ्या आईबापांचें औषधपाणी त्यानें केलेलें असतें. बहिणीच्या लग्नाचें कर्जहि पुष्कळदां त्यानेंच फेडलेलें असतें. हीं कारणें खोटीं नाहींत. म्हणून प्रत्येक हक्कसोडपत्र हा अन्याय आहे, असें म्हणतां येणार नाहीं. मोकळ्या मनानें, आपला हक्क काय आहे हें समजून, बहीण तो सोडीत असेल तर तें तिचें औदार्य आहे. त्याची जाण ठेवणें हें मग भावाचें ऋण ठरतें. परंतु न दिलें तर माहेर तुटेल या भीतीनें जें घेतलें जातें त्याला दान म्हणतां येत नाहीं. तारामतीला विचारल्यावांचून विकलें जाण्याचा तो जुनाच प्रकार, नव्या मुद्रांकाच्या कागदावर, पुन्हा घडत असतो. जाणती, हिशेबी मंडळी यावर मध्यममार्गहि काढतात. जमीन एकत्र ठेवून उत्पन्नाचा वाटा ठरविणें, किंवा रोख मोबदला देऊन तो कागदावर नमूद करणें, या रीतींनीं शेतहि राहतें आणि नातेंहि राहतें.

'माहेरची साडी' नंतर पंचवीस वर्षांनीं, २०१६ सालीं, नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. त्याच्या शेवटच्या प्रसंगांत पाटलाच्या घरांतून निघून गेलेल्या आर्चीच्या परक्या शहरांतल्या घरीं भाऊ आणि नातलग येतात. त्यांच्या हातांत आईनें पाठविलेल्या वस्तु असतात. आर्चीचा चेहरा फुलतो, ती चहा करूं लागते. माहेर अखेर दारीं आलें, असें तिला वाटतें. आणि तेंच माहेर तिचा व तिच्या नवऱ्याचा गळा कापून जातें. मागें उरतें तें रक्तांत पाऊल पडलेलें तान्हें मूल. हा शेवट होतांना चित्रगृहांत पसरणारी शांतता ज्यांनीं अनुभवली, त्यांना निराळें भाष्य नको. ज्या भावानें हें केलें त्यालाहि विचारलें असतें तर त्यानें घराच्या इज्जतीचेंच नांव घेतलें असतें. घराच्या नांवासाठीं घरांतलें माणूस मारावें, हा कुटुंबनिष्ठेचा जो विपर्यास आहे, तो मराठी पडद्यावर इतक्या उघडेपणानें क्वचितच मांडला गेला असेल.

घरांतील वृद्धांची कथा हा या विषयाचा दुसरा मोठा विभाग. वि. वा. शिरवाडकर यांचें 'नटसम्राट' हें नाटक १९७० सालीं रंगभूमीवर आलें आणि २०१६ सालीं महेश मांजरेकर यांनीं त्याला पडद्यावर आणलें. आपली मिळकत मुलांत वांटून देणारे गणपतराव बेलवलकर पाहतां पाहतां दोन्ही घरांतून परके होतात. १९७० च्या प्रेक्षकानें डोळे पुसण्यापलीकडे कांहीं करावें अशी सोय नव्हती. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानें मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली. आणि सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत मिळविण्याची वाटहि मोकळी केली. परंतु कायदा पोटाला अन्न देववूं शकतो, तो जवळ बसून चार शब्द बोलावयास लावूं शकत नाहीं. नाटकांतल्या म्हाताऱ्याला उणीव भासते ती या दुसऱ्या गोष्टीची.

ही दुसरी गोष्ट 'श्वास' या २००४ सालच्या चित्रपटांत उत्कटतेनें दिसते. संदीप सावंत यांच्या या चित्रपटानें, 'श्यामची आई' नंतर सुमारें पन्नास वर्षांनीं, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीला पुन्हा मिळवून दिला. कोंकणांतला एक आजोबा नातवाला पुण्याच्या रुग्णालयांत आणतो. मुलाच्या दोन्ही डोळ्यांत कर्करोग झालेला असतो. जीव वांचवावयाचा तर डोळे काढावे लागणार. कागदावर सही आजोबांनीं करावयाची आहे. पण त्याहून अवघड काम असें कीं, हें त्या लहानग्याला सांगावयाचें आहे. आजोबा तें टाळीत नाहींत. आणि शस्त्रक्रियेपूर्वीं मिळालेल्या एका दिवसांत ते त्याला रुग्णालयाबाहेर नेऊन डोळे भरून जग दाखवितात. येथें संपत्ति नाहीं, इज्जत नाहीं, परतफेडीची अपेक्षा नाहीं. एका माणसाचें दुःख दुसऱ्यानें खरेपणानें वांटून घेणें, एवढेंच तेथें आहे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा 'अस्तु' याच वाटेनें आणखी पुढें जातो. संस्कृतचे जाडे पंडित चक्रपाणि शास्त्री स्मृतिभ्रंशानें स्वतःलाच विसरले आहेत. रस्त्यानें जाणाऱ्या हत्तीमागें ते लहान मुलासारखे निघून जातात. आणि पोटच्या मुली शोध घेत असतां त्यांना जेवूं घालते ती माहुताची अनोळखी बायको. त्या थकलेल्या मुलीला चित्रपट दोषी ठरवीत नाहीं. दिवसरात्र आजाऱ्याची शुश्रूषा करणाराचा धीर सुटतो, तो चिडतो, पुन्हा लाजतो, हेंहि तो समजुतीनें दाखवितो. ज्या घरांतले मुलगे पुण्यास किंवा परदेशीं गेलेले आहेत आणि ज्या घरांत एकटी सून किंवा एकटी लेक म्हाताऱ्याचें सर्व कांहीं करीत आहे, त्या घरांना या चित्रपटानें जो दिलासा दिला असेल तो उपदेशपर शंभर व्याख्यानांनीं मिळाला नसता. अशा घरीं दूरच्या भावंडानें पैसे पाठवून मोकळें होण्यापेक्षां वर्षांतून एक महिना स्वतः येऊन शुश्रूषा करावी, म्हणजे करणाऱ्या हातांना विसावा मिळेल.

'राजा हरिश्चंद्र'पासून 'अस्तु'पर्यंतच्या शंभर वर्षांचें हें अवलोकन केल्यावर एक गोष्ट लक्षांत येते. चित्रपटांनीं कुटुंबनिष्ठेचें गुणगान पुष्कळ केलें. पण जे चित्रपट टिकले त्यांनीं त्या निष्ठेला प्रश्नहि विचारले. तिचें मोल कोण देतो? देणाऱ्याला विचारलें होतें काय? तिच्यापायीं बाहेरच्या कोणावर अन्याय होतो काय? आणि घराचें नांव राखतांना घरांतलें माणूस हरवत तर नाहीं ना? सिंदखेडच्या लेकीनें सुमारें चारशें वर्षांपूर्वीं दोन घरांच्या वैरांत उभी राहून या प्रश्नांना आपल्या परीनें तोंड दिलें. आज तलवारी नाहींत; प्रसंग साधे आहेत. सातबाऱ्यावरचें नांव, म्हाताऱ्याचें औषध, मुलीनें निवडलेला जोडीदार, मुलाच्या कमाईचा हिशेब, असे ते आहेत. चित्रगृहांतून किंवा मोबाइलवरून घरच्या मायेची कथा पाहून ज्याचे डोळे ओले होतात, त्यानें आपल्या घरांतील अशा एका तरी व्यवहाराकडे त्याच ओल्या डोळ्यांनीं पाहावें, आणि ज्याचें मत आजवर कोणीं विचारलें नसेल त्याला तें विचारावें.